दक्षिण आफ्रिकेतील २०२० च्या सिगारेटबंदीची पार्श्वभूमी

कोविडच्या पहिल्या लाटेत दक्षिण आफ्रिकेने टाळेबंदीबरोबरच, २७ मार्च २०२० पासून, सिगारेट व तंबाखूची विक्री थांबवली आणि ती १७ ऑगस्टपर्यंत बंदच ठेवली. भारतातही एप्रिलच्या मध्यात तंबाखूविक्रीवर केंद्राची बंदी आली होती, पण ४ मेपासून ती अंतराच्या अटीवर शिथिल झाली. तिथे ती जवळपास पाच महिने टिकली.

तंबाखू-नियंत्रणात हा देश नवखा नव्हता. पहिला कायदा १९९३ चा. १९९४ मध्ये सत्तेवर आलेल्या सरकारने सिगारेटच्या किरकोळ किमतीतील कराचा वाटा टप्प्याटप्प्याने निम्म्यावर नेण्याचे धोरण आखले, तर १९९९ च्या दुरुस्तीने जाहिरातींवर आणि सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर निर्बंध आणले. तेव्हाच्या आरोग्यमंत्री एन्कोसाझाना ड्लामिनी-झुमा याच २०२० मध्ये टाळेबंदीचे नियम जाहीर करणाऱ्या मंत्री होत्या. नव्वदच्या दशकात सिगारेटचा खप सुमारे एक तृतीयांशाने घटला. कराच्या रेट्याने, कुणावरही एकाएकी सक्ती न करता, सवय बदलली, आणि या साऱ्या इतिहासातील खरे यश मला तेच वाटते.

पुढे, विशेषतः २०१४ नंतर, महसूल यंत्रणेची पकड सैल झाली आणि कर चुकवलेल्या स्वस्त सिगारेटी सर्रास मिळू लागल्या. बंदी आली तेव्हा चोरट्या विक्रीचे जाळे असे आधीच विणलेले होते. २३ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष सिरिल रामफोसा यांनी विक्रीला परवानगी जाहीर केली, पण २९ एप्रिलला तो निर्णय फिरवण्यात आला. धूम्रपानामुळे आजार बळावतो आणि हाताने वळलेली सिगारेट वाटून ओढताना कागदाला लागलेल्या लाळेतून संसर्ग पसरतो, अशी कारणे पुढे आली. ही कारणे पोकळ नव्हती. तरीही केपटाऊन विद्यापीठाच्या संशोधकांना सर्वेक्षणात असे आढळले की, धूम्रपान चालू ठेवलेल्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांनी बंदीच्या काळातही, कितीतरी चढ्या दराने, सिगारेटी विकत घेतल्या होत्या. काहींनी व्यसन सोडले, हे मोलाचेच. पण बहुतेकांचा फक्त दुकानदार आणि ब्रँड बदलला, आणि एरवी कररूपाने तिजोरीत जाणारा पैसा चोरट्या व्यापाऱ्यांकडे वळला.

प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने जूनमध्ये बंदीविरुद्धचे आव्हान फेटाळले होते. डिसेंबरमध्ये वेस्टर्न केपच्या उच्च न्यायालयाने मात्र तोच नियम घटनाबाह्य ठरवला. तोवर विक्री सुरू होऊन महिने लोटले होते, आणि बेकायदा सिगारेटींनी त्या काळात मिळवलेले गिऱ्हाईक पुढेही मोठ्या प्रमाणावर त्यांच्याकडेच राहिले.