डोंगरउतारावरील कापणी-मळणी यंत्र

उताराच्या शेतात कापणी करताना मळणीचा भाग समतल ठेवता येईल अशा रचनेचे यंत्र, हिलसाइड कंबाईन. ते कॅलिफोर्नियात तयार झाले, पण त्याची खरी कसोटी लागली अमेरिकेच्या वॉशिंग्टन व आयडाहो राज्यांच्या सीमेवरील पालूस प्रदेशात. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या टेकड्यांचा हा मुलूख. माती खोल आणि कसदार, त्यामुळे पायऱ्या न पाडता थेट माथ्यापर्यंत गहू पेरतात. काही उतार ५० टक्क्यांच्या घरात आहेत, म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ५० मीटर चढ.

अशा जागी यंत्र उलटण्याची भीती असतेच, पण अवघड प्रश्न त्याच्या पोटात असतो. मळलेला माल हलत्या चाळण्यांवर पसरतो, खालून पंख्याचा वारा लागतो, दाणा खाली गळतो आणि भुसा मागे उडतो. यंत्र एका अंगाला कलले की सगळा माल चाळणीच्या खालच्या कडेला जमतो. तिथला थर वाऱ्याला भेदता येत नाही आणि दाणे भुसाबरोबर मागे शेतात सांडतात. पाखडताना सूप कलले तर जे होते, तेच इथे मोठ्या प्रमाणावर घडते. वर्षाची मेहनत अशी मातीत जाऊ नये, यासाठीच हा सारा खटाटोप.

कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन येथील बेंजामिन होल्ट यांच्या कंपनीने १८९१ मध्ये यावर उपाय काढला. दोन्ही बाजूंची चाके स्वतंत्रपणे वरखाली करता येऊ लागली. कापणीचे पाते जमिनीच्या उताराने चाले आणि मळणीचा भाग आडवा राही. यंत्राला वेगळे इंजिन नव्हते. जमिनीवर फिरणाऱ्या मोठ्या चाकातूनच सगळी शक्ती मिळे. जनावरे बुजून उधळली तर दातेरी चाके मोडत, म्हणून होल्ट यांनी साखळ्या वापरल्या. ओढायला वीस ते तीसहून अधिक घोडे किंवा खेचरे जुंपत. एवढा जथा टेकडीच्या कडेने वळवणारा हाक्या आणि उतार बघून यंत्र सतत सरळ करत राहणारा गडी, या दोघांच्या कौशल्याची नोंद यंत्राच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

धान्य यंत्रावरच पोत्यांत भरून तोंड शिवले जाई. एक पोते साधारण ६० किलोचे. या पोत्यांचा ताग कलकत्त्याहून येई. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉला वॉला येथील तुरुंगात १८९० च्या दशकापासून कैद्यांकडून अशी पोती विणून घेत.

पुढे पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनी घोड्यांची जागा घेतली. १९२५ मध्ये होल्ट आणि बेस्ट या कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली. समतोल मात्र अजून माणसाच्या हातीच होता. १९४० च्या दशकात पालूस भागातल्याच रेमंड हॅन्सन यांनी पाऱ्याच्या स्विचवर चालणारी स्वयंचलित व्यवस्था केली: यंत्र कलले की नळीतला पारा सरकतो, विद्युतमंडल जुळते आणि यंत्र आपोआप सरळ होते. लिव्हरवरचा गडी त्यामुळे मोकळा झाला. १९५० च्या दशकात ट्रॅक्टरने न ओढता स्वतःच्या इंजिनावर चालणारी हिलसाइड कंबाईन आली. इटलीत लावेर्दा कंपनीनेही डोंगराळ शेतीसाठी अशी यंत्रे बनवली.