उलटा मनोरा कशाचा? जीवसंख्येचा की जैववस्तुमानाचा?

परिसंस्थेचे मनोरे शिकताना ‘झाडाचा मनोरा उलटा, समुद्राचाही मनोरा उलटा’ हे वाक्य बहुतेक विद्यार्थी पाठ करून मोकळे होतात, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या दहावी-पीयूसीच्या वह्यांतही ते तसेच उतरते. वाक्य चुकीचे नाही, पण अर्धवट आहे. झाडाच्या बाबतीत उलटतो तो जीवसंख्येचा मनोरा आणि समुद्राच्या बाबतीत उलटतो तो जैववस्तुमानाचा, म्हणजे जिवांच्या एकूण वजनाचा. या दोन्ही उदाहरणांत एक मनोरा उलटा असताना दुसरा सरळ उभा असतो, म्हणूनच कोणता मनोरा हे न सांगता नुसते ‘उलटा’ म्हणण्याला काहीच अर्थ उरत नाही.

जीवसंख्येच्या मनोऱ्याची कल्पना चार्ल्स एल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२७ साली मांडली. आर्क्टिकमधील बेअर बेटावर त्याने अन्नसाखळ्यांचा अभ्यास केला होता. त्याचे निरीक्षण असे की, खाणारा प्राणी सहसा खाल्ल्या जाणाऱ्यापेक्षा आकाराने मोठा आणि संख्येने कमी असतो. एका पोषण पातळीवरील, म्हणजे अन्नसाखळीच्या एका पायरीवरील सगळे जीव मोजायचे, त्या संख्येइतका रुंद पट्टा काढायचा आणि उत्पादकांपासून, म्हणजे स्वतःचे अन्न तयार करणाऱ्या वनस्पतींपासून वर एकावर एक पट्टे रचत जायचे, इतकीच ही रीत आहे. पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे अमेरिकेतील गवताळ शेताचे उदाहरण पाहिले तर एका एकरात सुमारे ५८ लाख ४२ हजार वनस्पती, ७ लाख ८ हजार शाकाहारी जीव, ३ लाख ५४ हजार लहान मांसाहारी जीव आणि सर्वांत वर फक्त ३ मोठे भक्षक, असे आकडे दिसतात.

येळ्ळूरच्या शिवारातील भाताच्या एका शेताचाही असाच मनोरा काढता येईल. तळाला भात, त्यावर तुडतुडे आणि नाकतोडे, त्यावर कोळी, चतुर आणि बेडूक, मग बेडूक गिळणारी धामण आणि शेवटी आकाशातून झडप घालणारा एखादा शिकारी पक्षी. आकृती सरळ आणि देखणी येते. मात्र तळाचा पट्टा काढतानाच एक अडचण उभी राहते, ती म्हणजे मोजायचे काय? २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर लावण केली, तर चौरस मीटरला ३३ चूड, म्हणजे एकरी सुमारे १ लाख ३५ हजार चूड बसतात. एका चुडात तीन रोपे धरली तर हीच संख्या चार लाखांवर जाते, आणि प्रत्येक चुडाला दहा फुटवे धरले तर साडेतेरा लाखांवर. शेत तेच, पीक तेच, आणि मनोऱ्याचा तळ मात्र आपण ‘एक’ कशाला म्हणतो त्यावर दहापटीने रुंद होतो. जीवसंख्येच्या मनोऱ्याचा हा माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे, आणि पुस्तके त्यावरून फार घाईने पुढे जातात.

दुसरा दोष प्राण्यांच्या पट्ट्यांत दिसतो. भीमगडच्या जंगलातून खानापूर तालुक्यातील भातशेतीत उतरणारा सात-आठशे किलोंचा गवा आणि त्याच भातावर बसलेला ग्रॅमभर वजनाचा नाकतोडा हे दोघेही प्राथमिक भक्षक, म्हणजे थेट वनस्पती खाणारे प्राणी आहेत, त्यामुळे जीवसंख्येच्या मनोऱ्यात दोघांची किंमत प्रत्येकी एक. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून गवा एकदा फिरून गेला आहे, त्याला हा हिशोब पटवून देणे अवघड आहे. वजन धरले तर एका गव्याची बरोबरी करायला सात-आठ लाख नाकतोडे लागतील.

म्हणून वजनाचा, म्हणजेच जैववस्तुमानाचा मनोरा आला. चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या ऊस उत्पादकाला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही, कारण एकरी ऊससंख्या आणि एकरी टनेज हे दोन वेगळे आकडे आहेत हे तो रोजच्या बोलण्यात गृहीतच धरतो. चाळीस हजार ऊस उभे असले तरी ते बारीक राहिले, तर काट्यावर निराशाच पदरी पडते. परिस्थितिकीशास्त्रज्ञ आणखी एक पायरी पुढे जातो आणि ओले वजन न धरता सुके वजन धरतो. उसात साधारण सत्तर टक्के पाणीच असते, कोवळ्या गवतात त्याहूनही अधिक, आणि पाण्याचे प्रमाण जीवागणिक व ऋतूगणिक बदलते. त्यामुळे ठरावीक क्षेत्रातील नमुना कापून, वजन घटायचे थांबेपर्यंत भट्टीत वाळवून मगच तोलला जातो, आणि आकडा चौरस मीटरला इतके ग्रॅम असा मांडला जातो. फ्लोरिडातील सिल्व्हर स्प्रिंग्स या झऱ्यावर हॉवर्ड ओडम यांनी केलेला आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याचे नेहमीचे उदाहरण आहे. तेथे उत्पादक ८०९ ग्रॅम, शाकाहारी ३७, मांसाहारी ११ आणि सर्वोच्च मांसाहारी १.५ ग्रॅम भरले.

दोन्ही मनोरे एकाच जागी लावून पाहिले की खरी गंमत दिसते. जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवरील एखादे मोठे उंबराचे झाड घ्यावे. उत्पादक एक. त्याच्या फळांत हजारोंनी केंबरे, म्हणजे उंबरातले बारीक किडे, पानांवर अळ्या आणि मावा, आणि फळे खायला येणारे हरियाल, धनेश, शेकरू व वानरे. किडे टिपणारे पक्षी त्याहून कमी आणि त्या पक्ष्यांवर टपलेला ससाणा एखादाच. जीवसंख्येची आकृती तळाशी टोकदार, मध्ये फुगीर आणि वर पुन्हा निमुळती येते. हा धड सरळही नाही आणि पूर्ण उलटाही नाही, फक्त तळाशी उलटलेला आहे. पूर्ण उलटा मनोरा हवा असेल तर परजीवींची साखळी धरावी लागते, म्हणजे झाड एक, त्यावरचे पक्षी काही डझन आणि त्या पक्ष्यांच्या पिसांतील उवा शेकड्यांनी. परजीवी आपल्या आश्रयदात्याहून लहान आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे एल्टनचा आकाराचा नियम येथे उलटा चालतो. आता याच झाडाचे वजन करावे. खोड, फांद्या आणि मुळे मिळून काही टन, सगळे केंबरे, पाखरे आणि वानरे मिळून त्याच्या तुलनेत अगदी थोडे, आणि उवांचे वजन तर चिमूटभरही नाही. जैववस्तुमानाचा मनोरा सरळ उभा राहतो. २००२ साली सांगली भागात दिसलेला आणि नंतर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या उसावर पसरलेला लोकरी मावा असाच होता. पानाखाली हजारोंच्या संख्येने बसलेल्या त्या किडींनी पान पांढरे करून टाकले, तरी त्यांचे एकूण वजन एका उसाच्या पासंगालाही पुरत नसे.

समुद्रात नेमके याच्या उलट घडते. इंग्लिश खाडीतील मोजणीत वनस्पतीप्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे वजन चौरस मीटरला ४ ग्रॅम भरले आणि त्यांना खाणाऱ्या प्राणीप्लवकांचे, म्हणजे तशाच तरंगणाऱ्या लहान प्राण्यांचे २१ ग्रॅम. येथे संख्येचा मनोरा सरळच आहे, कारण सूक्ष्म वनस्पतीप्लवक अगणित असतात, पण वजनाचा मनोरा डोक्यावर उभा आहे. खाणाऱ्यांचे वजन खाद्याच्या पाचपट कसे, हा प्रश्न येथे पडलाच पाहिजे. बेळगावच्या गणपत गल्लीत भाजीची एक टोपली घेऊन बसलेल्या बाईचा धंदा त्या टोपलीच्या वजनावरून ठरत नाही, ती दिवसातून किती वेळा भरते आणि रिकामी होते त्यावर ठरतो. वनस्पतीप्लवकांचेही तसेच आहे. ते एक-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात, म्हणून कोणत्याही क्षणी पाहिले तरी साठा थोडाच दिसतो. प्राणीप्लवक मात्र अधिक काळ जगतात आणि त्यांचे वजन साठत जाते. राकसकोपसारख्या जलाशयातही काही काळ असे चित्र दिसू शकते. उंबराचे लाकूड याच्या दुसऱ्या टोकाला आहे, कारण तो अनेक वर्षांचा साचलेला साठा आहे आणि त्यातला फार थोडा भाग दरवर्षी कुणाच्या तोंडी लागतो.

म्हणजे जैववस्तुमानाचा मनोरा हा त्या क्षणाचा शिल्लक साठा दाखवतो, वर्षभराची आवक नव्हे. भाताच्या शेताचा आश्विनातील मनोरा आणि कापणीनंतर त्याच जमिनीत मसूर पेरल्यावरचा मनोरा यांचे तळ एकमेकांशी जुळणार नाहीत. ही त्रुटी भरून काढतो तो ऊर्जेचा मनोरा. रेमंड लिंडमन याच्या १९४२ सालच्या लेखातून ही दृष्टी रुजली. ठरावीक काळात एका पातळीकडून दुसरीकडे किती ऊर्जा गेली हे त्यात मोजतात, आणि ढोबळमानाने दहावा हिस्साच वर पोहोचतो, बाकीची श्वसनात आणि उष्णतेच्या रूपाने खर्च होते. जेवढे आत आले त्यापेक्षा जास्त पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे हा मनोरा कधीच उलटत नाही, इंग्लिश खाडीतही नाही. परीक्षेत ‘उलटा असतो का’ असा प्रश्न आला, तर तिन्ही मनोऱ्यांपैकी निःशंकपणे ‘नाही’ म्हणता येईल असा हा एकच.

संख्येच्या आणि वजनाच्या दोन्ही मनोऱ्यांत विघटकांना, म्हणजे मेलेले जीव कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशींना सहसा जागा मिळत नाही, आणि धान्यही खाणारा व बेडकाची पिल्लेही उचलणारा कावळा कोणत्या पट्ट्यात घालायचा याचेही समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे नाही.

कोणता मनोरा केव्हा वापरायचा, हे आपल्याला काय हवे आहे त्यावर ठरते. भातावर तुडतुडे पडले की चुडामागे किती तुडतुडे आणि किती कोळी, हे मोजूनच फवारणीचा निर्णय घेतला जातो, तेथे संख्याच कामाची आणि तुडतुड्यांचे एकरी वजन कुणी विचारत नाही. रानात किती गवे पोसले जातील हे ठरवायचे असेल, तर गवताच्या काड्या मोजून काहीच हाती लागत नाही, तेथे सुक्या चाऱ्याचे वजन लागते. आणि तेही एका दिवसाचे पुरत नाही, पावसाळ्यात किती उगवले आणि उन्हाळ्यापर्यंत किती उरले, हे दोन्ही आकडे हवे असतात.