नाव पुसलेल्या पाणबुड्या: भंगारातली फॉक्सट्रॉट ओळखण्यामागची पार्श्वभूमी

आयएनएस कलवरी या आपल्या नेव्हीच्या पाणबुडीचा नंबर काय, एस-२३ का एस-२१? दोन्ही बरोबर आहेत आणि घोळ तिथूनच सुरू होतो. १९६७ साली नेव्हीत आलेली जुनी कलवरी एस-२३ होती, आणि २०१७ ला माझगाव डॉकमधून निघालेली नवीन कलवरी एस-२१ आहे. आता जुन्या पाणबुड्यांमध्ये एस-२१ कोण होती तर करंज, आणि नवीन करंजला मिळालाय एस-२३, म्हणजे चक्क अदलाबदल झालीय. खांदेरी तेवढी दोन्ही वेळा एस-२२. त्यामुळे कोणी जुना फोटो किंवा भंगाराच्या यार्डातला कापलेला पत्रा दाखवून नुसत्या नंबरवरून ही अमुक पाणबुडी म्हणायला लागलं की मी आधी विचारतो, साल कुठलं? सालाशिवाय नंबराला काहीच अर्थ नाही.

हे सगळं लिहायला घेतलं कारण आपल्याकडे युद्धनौकांच्या भंगाराबद्दल थोडंफार बोललं जातं, विक्रांतमुळे तर बरंच बोललं गेलं, पण पाणबुड्या कुठे गेल्या, कापताना त्यांचं काय उरलं, आणि उरलेल्या लोखंडावरून ती कोण होती हे सांगता येतं का, याबद्दल मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं. आणि ही गोष्ट मुंबईशी आणि आपल्या कोकण किनाऱ्याशी अगदी जवळची आहे. खांदेरी हे नावच मुळात अलिबागजवळच्या थळसमोरच्या किल्ल्याचं, जो शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतला.

तर आधी थोडं मागे जाऊ. भारताला पाणबुड्या हव्या होत्या साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून, पहिल्यांदा ब्रिटनकडे बघितलं गेलं, तिथे काही जमलं नाही आणि १९६५ मध्ये सोव्हिएत युनियनशी करार झाला. आपली पोरं व्लादिव्होस्तोकला ट्रेनिंगला गेली, त्या थंडीत रशियन भाषा शिकून मशिनरी शिकली, आणि ८ डिसेंबर १९६७ ला रिगा बंदरात पहिली कलवरी कमिशन झाली. आजही ८ डिसेंबर हा नेव्हीचा सबमरीन डे असतो तो त्यामुळेच. नंतर खांदेरी, करंज, कुरसुरा अशा १९६९ संपेपर्यंत चार आल्या, आणि १९७३-७४ मध्ये अजून चार, वेला, वागीर, वागली, वागशीर. एकूण आठ. तेव्हा सुएझ कालवा बंद होता, १९६७ च्या जूनपासून १९७५ पर्यंत, त्यामुळे बाल्टिक समुद्रातून निघून अख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून या बोटी घरी आल्या. जेमतेम नव्वद मीटरच्या डिझेल बोटीत पंच्याहत्तरेक माणसं आणि एवढा प्रवास, विचार केला तरी अंगावर काटा येतो.

आपण त्यांना फॉक्सट्रॉट म्हणतो पण ते नाव बनवणाऱ्यांचं नाहीच. सोव्हिएत लोक त्याला प्रोजेक्ट ६४१ म्हणायचे. पाश्चिमात्य देशांना सोव्हिएत बोटींची खरी नावं कळायची नाहीत म्हणून नाटोने वायरलेसवर अक्षरं सांगायला जे शब्द वापरतात तेच देऊन टाकले, व्हिस्की, झुलू, रोमिओ, फॉक्सट्रॉट, ज्युलिएट, टँगो, किलो. म्हणजे ओळखण्याचा प्रश्न या बोटी जिवंत असल्यापासूनचा आहे, भंगारात गेल्यावर सुरू झालेला नाही. सोव्हिएत नेव्हीत प्रत्येक बोटीला एक अक्षर आणि आकडा असायचा, बी म्हणजे बोल्शाया, मोठी, एस म्हणजे मधली, एम म्हणजे छोटी, के म्हणजे क्रूझर. पण फिनवर, म्हणजे पाणबुडीच्या वर जो उभा मनोरा दिसतो त्यावर, रंगवलेला आकडा वेगळाच असायचा आणि तो मुद्दाम अधूनमधून बदलायचे. समोरच्याला मोजता येऊ नये, एकाच बोटीला तो दोन समजला तर उत्तमच.

याचं सगळ्यात भारी उदाहरण १९६२ च्या क्युबा संकटातलं. तिकडे चार फॉक्सट्रॉट गेल्या होत्या, बी-४, बी-३६, बी-५९ आणि बी-१३०. अमेरिकन नेव्हीने त्यांचा पाठलाग केला, फोटो काढले, पण नाव माहीत नाही म्हणून स्वतःचेच नंबर दिले. त्यांची सी-१९ म्हणजे बी-५९, जी २७ ऑक्टोबरला वर आली, जिच्यावर अणुटॉर्पेडो होता आणि तो सोडायला विरोध करणारे जिच्यावरचे अधिकारी वासिली अर्खिपोव यांचं नाव जगाला कळायला पुढे कितीतरी वर्षं लागली. त्या अमेरिकन नंबरांची खऱ्या बोटींशी नीट जोडी लागायलाही सोव्हिएत बाजूची माहिती बाहेर यायची वाट बघावी लागली.

आता बोट निवृत्त होते तेव्हा काय होतं ते बघा. सूर्यास्ताला झेंडा उतरतो, मग घंटा, क्रेस्ट म्हणजे बोटीचं मानचिन्ह, नावाच्या पाट्या काढून घेतात, त्यानंतर टॉर्पेडो, रेडिओ, सोनार, पेरिस्कोप, जे जे गुप्त किंवा परत वापरता येण्यासारखं ते सगळं निघतं. बॅटरीही निघते, कारण फॉक्सट्रॉटमध्ये ४४८ सेल असतात आणि त्यातलं शिसं म्हणजे चांगला पैसा. शेवटी यार्डात येतं ते एक लांबलचक, गंजलेलं, निनावी नळकांडं. जिच्यात माणसं तीस-तीस वर्षं राहिली तिच्यावर नाव सुद्धा नसतं, हे मला फार लागतं.

पण क्लास, म्हणजे बोट कुठल्या डिझाइनची, हे ओळखता येतं, आणि ते बऱ्यापैकी खात्रीने. पहिल्यांदा मागे जायचं आणि पंखे किंवा पंखे काढले असतील तर शाफ्टची भोकं मोजायची. फॉक्सट्रॉटला तीन शाफ्ट, कारण तीन डिझेल इंजिनं आणि तीन मोटारी. व्हिस्की आणि रोमिओला दोन. किलोला, म्हणजे आपल्या सिंधुघोष क्लासला, एक, आणि आपल्याच जर्मन डिझाइनच्या शिशुमार क्लासला पण एकच. मग टॉर्पेडोच्या नळ्या. फॉक्सट्रॉटला पुढे सहा मागे चार, किलोला पुढे सहा आणि मागे काहीच नाही, शिशुमारला पुढे आठ. मग लांबी, फॉक्सट्रॉट ९१ मीटर, किलो ७२-७३ पण अंगाने चांगली जाड, जवळजवळ दहा मीटर, तर फॉक्सट्रॉट साडेसात मीटरच. एवढ्या तीन गोष्टींवर ऐंशी टक्के वाद तिथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. किलोला वरून रबरी टाइल्स लावलेल्या असतात, त्या सुटून पडल्या तरी चिकटवलेल्याचे चौकोन दिसतात, तीही एक खूण.

खरी अडचण पुढची आहे, क्लास कळला पण ही नेमकी कुठली? फॉक्सट्रॉट एकूण ७५ बनल्या, ५८ सोव्हिएत नेव्हीसाठी, आठ भारताला, सहा लिबियाला, तीन क्युबाला, सगळ्या लेनिनग्राडमध्ये, त्यामुळे बाहेरून जुळ्या बहिणींसारख्या. इथे बारीक खुणा लागतात. पाणबुडीला दोन कवचं असतात, आत जाड, दाब झेलणारं, आणि बाहेर पातळ, त्या दोघांच्या मधे पाणी भरतं. बाहेरच्या पातळ कवचाला पाणी आत-बाहेर व्हायला भोकांच्या ओळी ठेवलेल्या असतात. त्या भोकांची मांडणी, त्यांचा आकार, रिपेअरच्या वेळी कुठे पत्रा बदलला, कुठे नवीन वेल्डिंग आलं, यात बोटीबोटीत फरक पडतो. जुन्या फोटोंशी ती ओळ जुळवून बघणं हा ओळखण्याचा नेहमीचा मार्ग आहे, हेरगिरीवाले पण हेच करायचे. आपल्या करंजचंच घ्या. १९७० मध्ये सराव चालू असताना ती वर आली ती नेमकी आयएनएस रणजीत या युद्धनौकेच्या खाली, फिनची वाट लागली, पण आतलं जाड कवच शाबूत राहिलं म्हणून सगळे वाचले. फिन दुरुस्त करून तीच बोट १९७१ च्या युद्धाला गेली. असा अपघात झालेल्या बोटीच्या फिनवर दुरुस्तीच्या खुणा राहणारच, पण करंज २००३ मध्ये निवृत्त झाली आणि त्या खुणा बघायची वेळ निघून गेली.

आणि यार्डात नेमकं उलटं होतं. बाहेरचं पातळ कवच गॅस कटरने आधी जातं कारण ते सोपं, म्हणजे ओळखायच्या खुणा पहिल्या दिवसांतच गेल्या. शेवटपर्यंत राहतं ते आतलं जाड नळकांडं, जे सगळ्यांचं सारखं.

मग लोक म्हणतात आतल्या पार्टवरचे नंबर बघा. व्हॉल्व्हवर, मोटरवर, पंपावर, पितळी पट्ट्यांवर कारखान्याचे नंबर ठोकलेले असतात आणि रंगाच्या सात थरांखाली पण ते टिकतात. हे खरंय आणि अशानेच मोठे घोळ सुटलेत. अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला एक ज्युलिएट क्लासची बोट म्युझियम म्हणून होती. त्याआधी ती हेलसिंकीत रेस्टॉरंट होती, मग फ्लोरिडात, मग एका हॉलिवूड पिक्चरमध्ये दुसऱ्याच पाणबुडीच्या रोलमध्ये. एवढे हात बदलले की ती कोण हेच विसरलं गेलं, बराच काळ तिला के-८१ समजायचे, नंतर कळलं की ती के-७७. २००७ च्या एप्रिलमधल्या वादळात ती धक्क्यालाच बुडाली, पुढच्या वर्षी वर काढली आणि मग भंगारात. ओळख पटली आणि पुढे बोटच गेली.

पण पार्टचा नंबर म्हणजे बोटीचा दाखला नाही, आणि याला आपल्या कुरसुरापेक्षा चांगला पुरावा नाही. सत्तरच्या दशकात स्पेअर मिळेनात म्हणून कुरसुरा बाजूला ठेवून तिचेच पार्ट काढून बाकीच्या बोटी चालू ठेवल्या होत्या. मग १९८० ते ८२ सोव्हिएत युनियनमध्ये तिचं मोठं रिफिट, म्हणजे पूर्ण दुरुस्ती, झालं आणि १९८५ मध्ये ती परत सेवेत आली. आता विचार करा, उद्या कुठल्यातरी भंगाराच्या दुकानात कुरसुराच्या यादीतला एखादा व्हॉल्व्ह सापडला तर तो कुरसुरातून आला का तिच्या बहिणीतून? एका नंबरावरून सांगताच येणार नाही. चार-पाच वेगवेगळ्या कप्प्यांतले नंबर जुळले तरच बोलावं.

समुद्राच्या तळाशी सापडलेल्या बोटींचं पण तसंच. न्यू जर्सीच्या किनाऱ्यापुढे १९९१ मध्ये पाणबुड्यांना एक जर्मन यू-बोट, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी, मिळाली, पाणबुडे म्हणजे इथे डुबकी मारणारी माणसं. कागदावर त्या भागात कुठलीच बोट बुडालेली नव्हती. आतून एका खलाशाचं नाव कोरलेला चाकू मिळाला, पण चाकू खिशातून कुठेही जाऊ शकतो. सहा वर्षं गेली, १९९७ मध्ये स्पेअर पार्टच्या पेटीवरची पट्टी वर आली तेव्हा पक्कं झालं की ती यू-८६९, जी सरकारी नोंदीत जिब्राल्टरजवळ बुडालेली होती. अटलांटिकच्या दुसऱ्या टोकाला!

अणुपाणबुड्यांचा विषय वेगळा आहे, तिथे अमेरिकेत ब्रेमर्टनच्या सरकारी यार्डात कापणी होते आणि रिअ‍ॅक्टरचा कप्पा हॅनफर्डला पुरतात, सगळ्याची नोंद असते, त्यामुळे ही कुठली हा प्रश्न क्वचित येतो. प्रश्न डिझेल बोटींचाच, कारण त्या साध्या भंगारवाल्याकडे जातात.

आपल्याकडे मुंबईत जहाज कापायचं म्हटलं की दारूखाना. हार्बर लाइनने रे रोडला उतरून पूर्वेला गेलं की लागतो, नाव दारूगोळ्यावरून पडलेलं. विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, २०१२ पर्यंत म्युझियम म्हणून मुंबईत उभी होती, मग २०१४ मध्ये साठेक कोटींना विकली जाऊन दारूखान्यातच कापली गेली. तिचं लोखंड कुठे गेलं हे निदान लोकांना माहितीय, बजाजने त्यातलं काही घेऊन मोटरसायकल काढली. आठ फॉक्सट्रॉटपैकी तसं किती जणींबद्दल सांगता येतं? वागली, जी डिसेंबर २०१० मध्ये सगळ्यात शेवटी निवृत्त झाली, तिचं तमिळनाडूत मामल्लपुरमला म्युझियम करायचं ठरलं होतं, ते झालं नाही. आठांतली अख्खी राहिली ती एकटी कुरसुरा, विशाखापट्टणमच्या आरके बीचवर, २००२ पासून लोकांसाठी खुली.

नावं मात्र परत आली. कलवरी, खांदेरी, करंज, वेला, वागीर, वागशीर, या सहाही नावांच्या फ्रेंच डिझाइनच्या नवीन स्कॉर्पीन बोटी माझगाव डॉकने बनवल्या, शेवटची वागशीर जानेवारी २०२५ मध्ये कमिशन झाली. मला याचा अभिमान आहेच, पण शोधणाऱ्याचं काम त्याने अवघड झालंय, कारण आता वेला म्हणून शोधलं की सगळी माहिती नवीन वेलाची येते आणि २०१० ला निवृत्त झालेली म्हातारी वेला खाली दबून जाते. आता किलो पण एकेक करून जातायत, सिंधुध्वज २०२२ ला गेली, सिंधुवीर त्याआधी म्यानमारला जाऊन नवीन नावाने चालू आहे, आणि सिंधुरक्षक, जिच्यावर ऑगस्ट २०१३ मध्ये मुंबईच्या डॉकयार्डात स्फोट होऊन १८ जण गेले, तिला २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल नेऊन सोडलं.

म्हणून कोणाला यार्डात जायची परवानगी मिळालीच तर कापणी सुरू व्हायच्या आधी जा आणि दोन्ही बाजूंनी पूर्ण लांबीचे फोटो काढा, भोकांच्या ओळी दिसतील असे, शेजारी मापाची पट्टी धरून, आणि कप्प्याकप्प्यातल्या पट्ट्यांचे नंबर कप्प्याच्या नावासकट लिहा. आणि त्याआधी एकदा विशाखापट्टणमला जाऊन कुरसुरा आतून चाला. सात कप्पे आहेत, गोल दारातून वाकून वाकून जावं लागतं, पहिल्या कप्प्यात सहा नळ्या, पाचव्यात तिन्ही डिझेल, आणि सातव्यात मागच्या चार नळ्या. तिथे उभं राहून ती नळ्यांची तोंडं नीट बघून घ्या, त्यांची जाडी, बिजागऱ्या, बोल्टांची मांडणी, म्हणजे हेच उद्या कुठे चिखलात अर्धं कापलेलं दिसलं तर लगेच लक्षात येईल.