२४ मेगापिक्सेलचा फोटो किती एमबीचा?

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाकडून एक हिशेब मी कितीतरी वेळा ऐकला आहे. "कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, कार्ड ३२ जीबीचं. म्हणजे ३२ हजार भागिले २४. तेराशे फोटो बसतील ना?" भागाकार बरोबर आहे. पण भागलंय काय आणि कशाने, तिथे घोळ आहे. त्यात गंमत अशी की एका विशिष्ट प्रकारे फोटो काढणाऱ्याला हे उत्तर बऱ्यापैकी जुळतं, आणि मग गैरसमज आणखीच पक्का होतो. त्याकडे येऊच.

मेगापिक्सेल आणि मेगाबाइट या दोघांत सारखं आहे ते फक्त 'मेगा', म्हणजे दहा लाख. दहा लाख काय, ते पुढचा शब्द सांगतो. पिक्सेल हा चित्रातला एक ठिपका. बाइट हे साठवणुकीचं माप. २४ मेगापिक्सेल म्हणजे आडवे ६००० आणि उभे ४००० ठिपके, गुणाकार २ कोटी ४० लाख. हा आकडा कॅमेऱ्याच्या सेन्सरवर ठरलेला असतो. सेटिंगमधून मुद्दाम कमी केला नाहीत, तर लेन्सचं झाकण काढायला विसरून घेतलेला काळाकुट्ट फोटोही २४ मेगापिक्सेलचाच भरतो. मेगाबाइटचं तसं नाही. ते दर क्लिकला बदलतात. आणि कार्डाला कळतात ते फक्त मेगाबाइट.

आता या २ कोटी ४० लाख ठिपक्यांपैकी प्रत्येकाचा रंग लिहून ठेवायचा म्हटलं तर लाल, हिरवा आणि निळा यांना एकेक बाइट, म्हणजे ठिपक्याला तीन बाइट लागतील. एका फोटोला ७२ एमबी. या हिशेबाने ३२ जीबीच्या कार्डावर जेमतेम ४४४ फोटो मावतील. पण कार्ड उघडून पाहिलं तर फाइल ८-१० एमबीची. उरलेले साठ एमबी गेले कुठे?

ही करामत जेपेगची. फोटो दाबून लहान फाइलमध्ये साठवायचं, १९९२ सालापासूनचं हे मानक आजही बहुतेक कॅमेऱ्यांचं नेहमीचं काम करतं. जेपेग फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं. आपल्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत असे पावणेचार लाख चौकोन होतात. मग प्रत्येक चौकोनात उजेड आणि रंग कसकसा बदलतो याचं थोडक्यात वर्णन लिहितं. डोळ्याला सहसा जाणवत नाहीत असे बारीक फरक सरळ गाळून टाकतं. वहीत एकाखाली एक तीच नोंद आली की आपण 'वरीलप्रमाणे' लिहून मोकळे होतो, साधारण तसंच. चौकोनात नुसतं निळं आभाळ असेल तर सांगायला फारसं काही नसतंच. तिथे गवताची पाती असतील तर मात्र प्रत्येक पातं वेगळं सांगावं लागतं.

हे एकदा मी स्वतः करून पाहिलं. त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर, मिनिटभराच्या अंतराने दोन फोटो काढले. पहिला वर कॅमेरा धरून निरभ्र आभाळाचा, दुसरा पायाखालच्या गवताचा. पहिली फाइल भरली ४.३ एमबी, दुसरी १५.८. माहितीच्या चौकटीत दोन्हींपुढे ६००० बाय ४००० हेच आकडे. ठिपके तेवढेच, वजन मात्र साडेतीन पटींहून जास्त.

रात्रीचं गणित आणखी फसवं. अंधाराच्या फोटोत तपशील कमी, म्हणजे फाइल हलकी असणार असं वाटतं. पण अंधारात आपण आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, चढवतो आणि फोटोभर रवाळपणा पसरतो. तो रवाळपणा म्हणजे आपल्या दृष्टीने कचरा. जेपेगला ते कळत नाही, ते त्या प्रत्येक कणालाही तपशील समजून लिहून काढतं. म्हणून चढ्या आयएसओवर काढलेलं काळं आभाळ दुपारच्या निळ्या आभाळापेक्षा जड निघू शकतं. उलट, हात हलला किंवा फोकस चुकला की तपशील पुसले जातात आणि फाइल बारीक होते. याचा एक उपयोगही होतो. एकाच दृश्याचे लागोपाठ दहा फोटो काढले असतील तर फाइली आकारानुसार लावून बघा, हललेला फोटो बहुतेक वेळा तळाशी सापडतो.

तर तेराशेचं उत्तर कुणाला जुळतं? रॉमध्ये फोटो काढणाऱ्याला. रॉ म्हणजे सेन्सरने जे टिपलं ते जवळजवळ तसंच्या तसं. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक ठिपका एकच रंग मोजतो, लाल किंवा हिरवा किंवा निळा. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांवरून नंतर ठरवले जातात. प्रत्येक मोजमाप बहुधा १४ बिटांचं असतं, आणि आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे पावणेदोन बाइट. २४ मेगापिक्सेल गुणिले पावणेदोन, झाले ४२ एमबी. काहीही न गाळता ते दाबून बसवलं की साधारण २५ ते ३० एमबी उरतात. २४ आणि २५ शेजारी-शेजारी आल्यामुळे एक मेगापिक्सेल म्हणजे एक मेगाबाइट असं वाटायला लागतं. तो निव्वळ योगायोग आहे. त्याच कॅमेऱ्यात जेपेग निवडलं की तेच कार्ड तीन हजारांच्या पुढे जातं, आणि रॉ व जेपेग दोन्ही ठेवले की हजाराच्याही खाली येतं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर 'उरलेले फोटो' म्हणून जो आकडा दिसतो तोही अंदाजच. पुढचा फोटो गवताचा येणार की आभाळाचा हे बिचाऱ्या कॅमेऱ्याला आधी कसं कळणार? तो एक सरासरी धरतो आणि उरलेल्या जागेला तिने भागतो. म्हणून कधी क्लिक केलं तरी आकडा हलत नाही, तर कधी एका क्लिकमध्ये दोनने उतरतो. कॅमेरा बिघडलेला नसतो. कार्ड संगणकाला लावल्यावर ३२ च्या जागी २९.८ दिसतात, तेही असंच. कार्डावरचा जीबी शंभर कोटी बाइटचा, आणि विंडोजचा १०२४ ला १०२४ ने आणि पुन्हा १०२४ ने गुणून आलेला, म्हणजे थोडा मोठा. जागा कुणी चोरलेली नाही.

कार्ड सोडून इतरत्रही ही जोडी गोंधळ घालते. ऑनलाइन अर्जात 'फोटो ५० केबीपेक्षा कमी हवा' असं म्हटलं की काहीजण फोटो कापत सुटतात, कान जातात, कपाळ जातं, तरी फाइल मोठीच. खरं तर वजन उतरवायचे रस्ते दोन: अख्खा फोटो तसाच ठेवून त्याचे ठिपके कमी करा, नाहीतर तेवढेच ठिपके ठेवून जेपेगचा दर्जा (क्वालिटी) कमी करा. अशा अर्जासाठी आधी ठिपके कमी करावेत हे माझं मत. ६००० ठिपके रुंद फोटो तसाच ठेवून ५० केबीत कोंबला तर आठ बाय आठचे ते चौकोन चेहऱ्यावर उघडे पडतात.

छपाईच्या वेळी नेमकं उलटं होतं. "मोठी प्रिंट हवी आहे, किती एमबीचा फोटो पाठवू?" हा प्रश्न लोक विचारतात, पण त्याला उत्तर नाही. इंचाला ३०० ठिपके धरले तर ६००० ठिपक्यांची २० इंच रुंद प्रिंट निघते. फाइल ४ एमबीची असो की १५ ची, रुंदी तीच. २ मेगापिक्सेलचा फोटो सॉफ्टवेअरने ताणून २४ चा केला तर ठिपके वाढतील, फाइलही फुगेल, पण मुळात न टिपलेली पापणी त्यात येणार नाही. आली तर ती सॉफ्टवेअरने कल्पनेने काढलेली. मेगापिक्सेल दुप्पट झाले म्हणून प्रिंटची रुंदीही दुप्पट होत नाही, जेमतेम १.४ पट होते. कार्डावरचा भार मात्र जवळपास दुप्पट होतो, आणि कॅमेरा बदलताना लोक नेमकं हेच विसरतात.

मग कार्डावर किती फोटो बसतील? तक्त्यांवर मी फारसा विसंबत नाही. आपल्याच कॅमेऱ्याने, आपल्या नेहमीच्या सेटिंगवर काढलेल्या फोटोंचा एखादा फोल्डर उघडावा आणि एकूण आकाराला फोटोंच्या संख्येने भागावं. समजा ४०० फोटो आहेत आणि ३.८ जीबी भरतात. म्हणजे सरासरी साडेनऊ एमबी, आणि ३२ जीबीच्या कार्डावर ३,३०० च्या आसपास. फक्त फोल्डर निवडताना थोडं बघावं. निघालात जंगलात आणि सरासरी काढलीत समुद्रकिनाऱ्याच्या फोटोंवरून, तर कार्ड बरंच आधी भरेल.