माठ आणि कातळ

कुंभारवेशीत माठ घ्यायला गेलं की आजी तो बोटाच्या पेराने वाजवून पाहायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की परत ठेवायचा. तैलबैलाच्या भिंतीखाली प्रस्तरारोहकांना हातोडीने कातळ ठोकताना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तीच आठवली. चढणाऱ्याचा दोर अडकवायला कातळात भोक पाडून धातूचा बोल्ट बसवतात. त्याची जागा ड्रिलच्या आधी कान ठरवतो.

आपला सह्याद्री एकजिनसी नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, आणि त्या छिद्रांत पुढे झिओलाइटसारखी पांढरी खनिजं भरलेली. पोटातला दगड घट्ट, काळाकरडा. दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा. त्यामुळे इथे पक्का असलेला कातळ हातभर वर भुसभुशीत निघू शकतो.

दोरावर लटकून ड्रिल चालवणाऱ्याची नजर भुग्यावर असते. बारीक करडी पूड येत राहिली तर ठीक. ती तांबूस झाली किंवा ड्रिल एकदम गपकन आत गेलं, तर ते भोक सोडून द्यायचं. भोक चांगलं निघालं की ते साफ करायला ब्रश आणि फुंकणी. काम कंटाळवाणं, पण टाळलं की घात. भोकात राहिलेली पूड कॅरमबोर्डावरच्या पावडरीसारखी वागते, आणि बोल्टची तर सगळी मदार घर्षणावर!

प्रसरण बोल्टच्या टोकाला शंकू असतो, त्याच्याभोवती पत्र्याचं कडं. नट आवळला की सळई जराशी बाहेर ओढली जाते, शंकू कड्यात घुसतो, कडं फाकून भोकाच्या भिंतीला दाबतं. आवळायचं तेही मोजून, टॉर्क पान्याने. नळ दुरुस्त करताना आपण ‘अजून एक पिळा’ मारतो ना, ती सवय इथे महागात पडते. जादा ताणाने बोल्टच कमजोर होतो.

चढाईच्या बोल्टने आडव्या ओढीला किमान २५ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे अडीच टन, सोसले पाहिजेत. ऐंशी किलोच्या माणसासाठी एवढं कशाला? दोराच्या मानक चाचणीत पडणाऱ्या वजनाला बसणारा झटका १२ किलोन्यूटनपर्यंत चालतो. पण दोर बोल्टवरच्या कॅराबिनरमधून, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीतून, वळून खाली जोडीदाराकडे जातो. घर्षण वजा जाता त्या बाजूलाही सुमारे ८ किलोन्यूटनची ओढ येते. बोल्टवर दोन्हींची बेरीज पडते: २०. एरवीचं पडणं याहून बरंच सौम्य असतं.

पाऊस मात्र दरवर्षी येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या बोल्टवर स्टेनलेस स्टीलचा हँगर, म्हणजे कॅराबिनर अडकवायची भोकाची पट्टी, लावला, की ओलाव्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि बोल्ट झिजू लागतो. बाहेरून हँगर चकचकीत, गंज आत भोकात. म्हणून दोन्ही एकाच धातूचे हवेत.

मऊ कातळात फाकणारं कडं दगडच फोडू शकतं. तिथे भोकात रासायनिक गोंद भरून बोल्ट बसवतात. भार भोकाच्या सगळ्या लांबीवर पसरतो. फक्त गोंद वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. बसवणारे जाताना बोल्टला लाल फीत बांधून जातात, म्हणजे मागून येणारा कुणी त्यात घाईने कॅराबिनर अडकवत नाही.