ज्वारीची भाकरी आणि प्रोस्टेटचा कर्करोग

"प्रोस्टेटचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, ज्वारीची भाकरी आणि हळद खाणाऱ्याला तो होत नाही," असा संदेश सोलापुरात वर्षानुवर्षे फिरतो आहे. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. त्यामागचे निरीक्षण खोटे नाही: भारतातील नोंदलेले प्रमाण अमेरिका व उत्तर युरोपपेक्षा कितीतरी कमी आहे. चूक आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षात.

पहिली गोष्ट तपासणीची. या कर्करोगाचा संशय दाखवणारी पीएसए ही रक्तचाचणी अमेरिकेत सर्रास होऊ लागली आणि १९९२ च्या सुमारास तेथील नोंदी एकदम वाढल्या. लोकांचा आहार काही इतक्या झपाट्याने बदलला नव्हता. जेथे चाचणीच क्वचित होते, तेथे लक्षणे न देणारा कर्करोग नोंदवहीत येतच नाही, म्हणूनच देशादेशांतील मृत्युदरांमधला फरक नोंदींमधल्या फरकापेक्षा बराच लहान दिसतो. शिवाय हा उतारवयाचा आजार आहे आणि आपली लोकसंख्या तरुण आहे. त्यामुळे वयाचा फरक वजा करून काढलेले दरच ताडून पाहावेत. "गोऱ्यांचा" हा शब्दही टिकत नाही, कारण अमेरिकेत कृष्णवर्णीय पुरुषांचा मृत्युदर गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. जपानमधून हवाईत स्थायिक झालेल्यांत प्रमाण वाढले, म्हणजे राहणीचा परिणाम मानावा लागतो. मात्र एखादा पदार्थ संरक्षण देतो, हे सिद्ध झालेले नाही.

पडताळण्यासाठी दूर जायला नको. आपल्याच जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवली जाते, आणि भाकरी खाणाऱ्या गावांतही हे रुग्ण आढळतात. लघवीची धार मंदावणे किंवा रात्री वारंवार उठावे लागणे बहुधा ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे होते. तरी साठी ओलांडलेल्या वडीलधाऱ्यांनी ते संकोच न बाळगता डॉक्टरांना सांगावे.