180 लिटरांतले दीड लिटर

पुण्यात तळजाईला किंवा सारसबागेकडे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना रसाच्या गाड्या नव्या नाहीत. दुधी, कारलं, गव्हांकुर, आणि वर पाटी : ‘किडनी साफ करा, विषारी द्रव्ये बाहेर काढा’. ही द्रव्यं कोणती, ते पाटीवर कधीच नसतं. (दुधी कडू निघाला तर त्यातली कुकरबिटासिन ही द्रव्यं मात्र खरोखर विषारी असतात. असा रस पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत.)

मूत्रपिंडाचं काम बघितलं की या पाटीची गंमत वाटते. दोन्ही मूत्रपिंडांचं वजन मिळून 300 ग्रॅमच्या आसपास, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा त्यांच्याकडे जातो. प्रत्येकात सुमारे 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे गाळणी आणि तिला जोडलेली लांबलचक नळी. गाळणीतून रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मागे राहतात. पाणी, मीठ, ग्लुकोज, युरिया (प्रथिनांच्या विघटनातून उरणारा टाकाऊ पदार्थ) सगळं नळीत उतरतं. मिनिटाला 125 मिलिलिटर, दिवसाला 180 लिटर! अंगात रक्तद्रव (रक्तातला पेशी वगळून उरणारा द्रव, प्लाझ्मा) तीनच लिटर, म्हणजे तो दिवसातून 60 वेळा गाळला जातो.

दिवाळीच्या आवराआवरीत आई सगळं कपाट पलंगावर रिकामं करते आणि हवं तेवढंच परत लावते, तशी ही पद्धत. 180 लिटरांतले शेवटी दीड लिटरच लघवी होऊन बाहेर पडतात. यातली हुशारी लक्षात घ्या. कचऱ्याची यादी लागतच नाही, हव्या असलेल्या वस्तूंची पुरते. काही औषधं आणि आम्लं नळीच्या पेशी मुद्दाम बाहेर टाकतात, पण मुख्य कारभार गाळा आणि परत घ्या असाच.

नळीच्या पहिल्याच भागात दोन तृतीयांश पाणी आणि निरोगी माणसात जवळपास सगळं ग्लुकोज रक्तात परत जातं. खरी करामत त्यापुढे आहे. मटणाच्या दुकानातून गुर्दा आणलात तर तो मधोमध उभा चिरून बघा. बाहेरचा थर एकसारखा दिसतो, आतला रेघारेघांचा. त्या रेघा म्हणजे आत बुडी मारून यू आकारात परत वर येणाऱ्या नळ्या आणि त्यांच्या शेजारून खाली जाणाऱ्या, नळ्यांतलं उरलेलं द्रावण गोळा करणाऱ्या संग्राहक नलिका. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ याकोब हेन्ले यांनी 1862 साली या वळशांचं वर्णन केलं. ते कशासाठी आहेत, हे कळायला पुढची ऐंशी वर्षं गेली.

रक्ताची तीव्रता, म्हणजे त्यात किती कण विरघळलेत ते, ढोबळमानाने लिटरमागे 300 मिलिऑस्मोल (हे अशा कणांच्या मोजणीचं एकक) धरू. वर चढणाऱ्या नळीची भिंत पाणी जाऊ देत नाही, पण मीठ बाहेर फेकते. हा पंप फार तर 200 चा फरक पाडू शकतो. म्हणजे चढत्या नळीत 200, बाहेर 400. उतरत्या नळीतून पाणी सहज निघून जातं, त्यामुळे तिथलं द्रावणही 400 वर येतं. वरून नवं द्रावण आलं की हे 400 वालं वळणावरून चढत्या नळीत ढकललं जातं. पंप पुन्हा आपले 200 पाडतो : आत 300, बाहेर 500. पुन्हा ढकला, पुन्हा पंप. असं होत होत वळशाच्या टोकाशी 1200 पर्यंत मजल जाते, आणि पंपाची ताकद मात्र तेवढीच! हा प्रतिप्रवाहाचा, म्हणजे शेजारी-शेजारी उलट दिशांना वाहणाऱ्या प्रवाहांचा, तर्क वर्नर कुन या भौतिक-रसायनशास्त्रज्ञाने 1942 साली मांडला. 1951 मध्ये उंदराच्या मूत्रपिंडाच्या गोठवलेल्या चकत्या तपासल्या, तेव्हा आत जावं तशी तीव्रता खरंच वाढत गेलेली दिसली. 1200 मधला बराच वाटा युरियाचा असतो. संग्राहक नलिकेच्या तळातून तो बाहेर झिरपून तिथेच घोटाळत राहतो. आसपासच्या रक्तवाहिन्याही यू आकाराच्या आहेत, म्हणून हा साठा वाहून जात नाही.

आता संग्राहक नलिका याच खारट पट्ट्यातून खाली जाते. तिच्या भिंतीतून पाणी जाऊ दिलं तर परासरणाने (पाणी कमी तीव्रतेकडून जास्त तीव्रतेकडे जातं, त्याने) ते आपोआप बाहेर ओढलं जाईल. जाऊ द्यायचं की नाही, ते मेंदू ठरवतो. पुण्यातल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात घाम आल्याचं कळायच्या आत वाळतो. रक्ताची तीव्रता एखाददोन टक्के वाढली तरी मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाला ते समजतं आणि व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सुटतं. ते पोचलं की नलिकेच्या पेशींमध्ये साठवलेली ॲक्वापोरिन नावाची पाण्याची दारं भिंतीत येऊन बसतात. पाणी रक्तात परततं, लघवी थोडी आणि गडद होते. या दारांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना 2003 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारू हे संप्रेरक दाबते, म्हणून पार्टीत सारखं उठावं लागतं.

रोज साधारण 600 मिलिऑस्मोल टाकाऊ ऐवज बाहेर जायचा असतो. कमाल तीव्रता लिटरमागे 1200, म्हणजे कितीही काटकसर केली तरी अर्धा लिटर लघवी व्हावीच लागते. वरची मर्यादा तासाला सुमारे एक लिटर. मुतखडा होऊन गेलेल्यांना डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात ते योग्यच. पण बाकीच्यांनी ‘फ्लश’ करायला चार-चार लिटर रिचवले तर तोच युरिया जास्त पाण्यात बाहेर पडतो, एवढंच.

लांब पल्ल्याच्या धावपटूंना यात धोकाही असतो. श्रमाच्या ताणामुळे व्हॅसोप्रेसिन सुटत राहतं, जास्तीचं पाणी बाहेर पडत नाही आणि रक्तातलं सोडियम पातळ होतं. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांचं सोडियम कमी भरलं. धावून वजन घटण्याऐवजी वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण सगळ्यांत जास्त होतं.